पेशावर पेशव्यांनी वसवलं नाही

मावशीचा नातू सातवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याने ‘अटकेपार’वर भाषण ठोकलं आणि दुसरा नंबर काढला. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला, सगळ्यांनी अंगठे आणि पुष्पगुच्छ टाकले, मीही कौतुकाने ऐकायला घेतलं. पोराचा आवाज खणखणीत, हातवारे झकास. मजकूर मात्र ओळखीचा निघाला. दर शिवजयंतीला, दर महाराष्ट्र दिनाला आणि पानिपतच्या तारखेला जो मेसेज गावभर फिरतो तोच, स्वल्पविरामासकट. परीक्षकांपैकी कुणालाच काही खटकलं नाही, घरातल्या मोठ्यांनाही नाही. मोठ्यांचं सोडा, ते फॉरवर्ड करतात आणि विसरतात. पोराने पाठ केलंय. पाठ केलेलं जन्मभर राहतं.

मेसेज अजून आला नसेल असे कुणी भाग्यवान उरले असतील तर त्यांच्यासाठी सारांश. पाकिस्तानातलं पेशावर मराठ्यांनी वसवलं आणि पेशव्यांवरून त्याला ते नाव पडलं. त्याआधी तिथे पठाणांच्या चार राहुट्या आणि उंट होते. १७५८ साली राघोबादादांनी पेशावर घेऊन बालाहिसार किल्ल्यावर भगवा लावला आणि तो पानिपतपर्यंत फडकत राहिला. (एका आवृत्तीत पन्नास वर्षं.) महमूद गझनीनंतरच्या आठशे वर्षांत तिथे पोचलेले आपणच पहिले आणि आपणच शेवटचे. कनिष्काचा जगप्रसिद्ध स्तूप गझनीने एका रात्रीत भुईसपाट केला. तिथले निम्मे पठाण मुळात पानिपतात पकडलेले मराठेच आहेत. आणि तळाशी, ठळक अक्षरांत: पठाण कधी आपला नव्हता आणि होणार नाही, खरे मराठे असाल तर पुढे पाठवा.

निम्मे पठाण मराठे आहेत आणि पठाण कधी आपला नव्हता, ही दोन वाक्यं एकाच मेसेजात आठ ओळींच्या अंतराने आहेत. लिहिणाऱ्यानेही शेवटपर्यंत वाचलं नसावं.

सुरुवात ‘वसवलं’पासून करतो. बाकीच्या मुद्द्यांना अतिशयोक्ती म्हणून एक वेळ माफ करता येईल, ही मात्र सरळ चोरी आहे.

पेशवेपद भट घराण्यात आलं १७१३ साली, बाळाजी विश्वनाथांपासून. त्याच्या जवळजवळ सातशे वर्षं आधी, १०३०च्या सुमारास, महमूद गझनीच्या काळातला विद्वान अल्बेरूनी हिंदुस्थानावरचा आपला ग्रंथ लिहीत होता आणि त्यात हे शहर ‘पुरुषावर’ म्हणून आलेलं आहे. बौद्ध आणि संस्कृत परंपरेत ते पुरुषपूर. अकबराच्या कारकिर्दीत आजचा उच्चार रुळला. अकबर वारला १६०५ साली, तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता, पेशवे तर लांबच. आता ‘पेश’ हा फारसी शब्द दोन्ही नावांत ऐकू येतो, हे खरं. सरहद्दीवरचं पुढचं ठाणं म्हणून लोकांनी जुन्या नावाला तसं वळण दिलं असेल, तेही मान्य. पण कानाला जे लागतं त्यावरून इतिहास ठरवायचा तर नागपूर नागा लोकांनी वसवलं म्हणायला कोणाची हरकत आहे?

नाव एक वेळ बाजूला ठेवू. त्या ‘चार राहुट्या आणि उंट’ जास्त झोंबतात. कारण त्या चार शब्दांत दोन हजार वर्षांचं शहर पुसलं जातं, आणि पुसणारे स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवतात.

पेशावरचं खोरं म्हणजे गांधार. गांधारी तिथलीच, एवढं तरी महाभारताची मालिका पाहिलेल्या पिढीला माहीत असावं. इराणच्या दारयवहु सम्राटाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस बेहिस्तूनच्या कड्यावर आपल्या मुलखांची यादी कोरून घेतली, तिच्यात गांधार आहे. या खोऱ्यातली जुनी राजधानी पेशावर नव्हती, ती होती पुष्कलावती, आजच्या चारसद्द्याजवळ. शिकंदराच्या फौजेने तिला वेढा घातला आणि मग हुंडपाशी सिंधू ओलांडली, तो काळ इसवी सनापूर्वी ३२७-३२६. त्याच हुंडच्या जवळ शलातूर नावाचं गाव होतं. पाणिनी तिथला. ज्याच्या सूत्रांवर आपल्याकडचे शास्त्री दोन हजार वर्षं भांडले तो माणूस सिंधूच्या पलीकडच्या काठाचा, म्हणजे अगदी शब्दशः अटकेपारचा. शाहबाझगढीला अशोकाचे शिलालेख आहेत, खरोष्ठी लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेले. राहुट्यांत राहणाऱ्यांसाठी कुणी चौदा आज्ञा दगडात कोरून ठेवत नाही.

पुरुषपूर मोठं झालं कुषाणांच्या काळात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कनिष्काने ते राजधानी केलं. मथुरेपासून मध्य आशियापर्यंत पसरलेलं राज्य तिथून चालायचं. त्याची नाणी पाहा: कुठे ग्रीक देव, कुठे इराणी देव, कुठे शिव, आणि काहींवर चक्क बुद्ध, शेजारी ग्रीक लिपीत नाव. चीनपासून रोमपर्यंतचा व्यापार ज्या शहरातून जातो त्या शहराच्या राजाला सगळ्यांच्या देवांशी पटवून घ्यावंच लागतं. अटकेजवळ आरा नावाच्या गावी एक शिलालेख सापडला. त्यात कनिष्क नावाच्या राजाने स्वतःला महाराज, राजाधिराज, देवपुत्र आणि वर ‘कैसर’ अशा पदव्या लावून घेतल्या आहेत. हिंदुस्थान, इराण, चीन आणि रोम या चारही दरबारांतली बिरुदं एकाच राजाच्या अंगावर. (हा कनिष्क पहिला की त्याच नावाचा पुढचा, यावर विद्वान भांडतात. भांडू देत.)

शहराबाहेर कनिष्काने स्तूप बांधला. फाहियान हा चिनी भिक्षू इसवी सन ४००च्या आसपास इथे आला. वाटेत जेवढे स्तूप आणि विहार पाहिले त्यांत याच्या तोडीचा एकही नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. बुद्धाचं भिक्षापात्रही तेव्हा याच शहरात होतं. त्याची एक कथा फाहियान सांगतो. परका राजा ते पात्र न्यायला आला. त्याने हत्ती शृंगारून पात्र त्याच्या पाठीवर ठेवलं, तर हत्ती गुडघ्यावर बसला, उठेना. मग चार चाकांचा गाडा केला आणि आठ हत्ती जुंपले. गाडा जागचा हलला नाही. राजा वरमला, त्याने तिथेच स्तूप आणि विहार बांधून दिला आणि पहारा बसवला. जिंकायला आलेला माणूस शेवटी तिथे बांधकाम करून जातो, ही त्या शहराची स्वतःबद्दलची आवडती कथा असावी. असंग आणि वसुबंधू हे बौद्ध तत्त्वज्ञ भाऊही परंपरेप्रमाणे पुरुषपूरचेच. चीन-जपानपर्यंत ज्यांची मतं अजून अभ्यासली जातात त्यांचं हे गाव.

आणि हे सगळं पोथीपुरतं नाही. १९०८-०९ साली स्पूनर या पुरातत्त्व अधिकाऱ्याने पेशावरबाहेरची शाहजी-की-ढेरी खणली. खाली स्तूपाचा पाया निघाला, सुमारे २८६ फूट रुंदीचा. आत एक छोटा धातूचा करंडक होता, त्यावर कनिष्काचं नाव, आत अस्थी. करंडक पेशावरच्या संग्रहालयात ठेवला आणि अस्थी १९१० साली ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातल्या बौद्धांच्या हवाली केल्या. त्या गेल्या मंडालेला. त्या वर्षी टिळक त्याच मंडालेच्या तुरुंगात होते. मराठी माणसाला पेशावरशी धागा जोडायचाच असेल तर हा घ्या, खोटं बोलावं लागत नाही.

स्तूपाचा विषय निघालाच आहे तर ‘एका रात्रीत भुईसपाट’ही इथेच उरकतो. महमूद गझनी काही संत नव्हता. २७ नोव्हेंबर १००१ रोजी पेशावरजवळ त्याने हिंदुशाही राजा जयपालाचा पराभव केला, त्याला कैद केलं, प्रचंड लूट नेली. अपमान सहन न होऊन जयपालाने स्वतःला जाळून घेतलं असं इतिहास सांगतो. त्या मुलखाचं कंबरडं मोडलं ते तेव्हा, यात दुमत नाही. पण स्तूपाची पडझड त्याच्या कितीतरी आधीची. ५२०च्या सुमारास सोंग-युन हा चिनी यात्रेकरू आला तेव्हा गांधारावर हूणांचं राज्य होतं, आणि राजा काश्मीरकडच्या मुलखाशी तीन वर्षं लढाईत गुंतलेला. चिनी सम्राटाचं पत्र त्याने बसूनच घेतलं, याचा राग सोंग-युनच्या लिखाणात अजून जाणवतो. ६३०च्या सुमारास ह्युएन-त्संग आला. त्याला काय दिसलं? राजवंश संपलेला, मुलूख काबूलच्या उत्तरेकडच्या कपिशा राज्याच्या अमलाखाली, हजारभर विहार ओस आणि मोडकळीला आलेले, राजधानीच्या एका कोपऱ्यात हजारभर कुटुंबं उरलेली. हे गझनीच्या पावणेचारशे वर्षं आधी. बरं, त्यानंतर सगळं संपलं म्हणावं तर तेही नाही. नवव्या शतकात वीरदेव नावाचा नगरहारचा (आजच्या जलालाबादकडचा) तरुण कनिष्क महाविहारात शिकला आणि पुढे पाल राजा देवपालाच्या काळात थेट नालंदेचा प्रमुख झाला. बिहारातल्या घोसरावाँच्या शिलालेखात हे लिहिलेलं आहे. आणि गझनीच्या स्वारीनंतर लिहिणारा अल्बेरूनीसुद्धा पुरुषावरच्या विहाराला ‘कनिक चैत्य’ म्हणतात, असं नोंदवतो. शतकानुशतकं मोडत आणि सावरत गेलेल्या वास्तूला एक खलनायक आणि एक रात्र चिकटवली की मेसेज सुटसुटीत होतो, एवढंच.

आता मुख्य फुशारकी. बालाहिसारवरचा भगवा.

मेसेजमध्ये पुरावा म्हणून रघुनाथरावांचं पत्र चिकटवलेलं असतं. ४ मे १७५८चं, लाहोरच्या मुक्कामातून नानासाहेब पेशव्यांना धाडलेलं. पत्र सर्वज्ञात आहे, अस्सल आहे, वाचताना ऊर भरून येतो हेही कबूल. पण चिकटवणाऱ्यांनी ते वाचलेलं नाही. त्याचा मथितार्थ असा: लाहोर, मुलतान, काश्मीर वगैरे अटकेअलीकडच्या सुभ्यांत बहुतेक ठिकाणी आपला अंमल बसला, उरलेल्या ठिकाणी लवकरच बसेल. अब्दालीचा मुलगा तैमूर सुलतान आणि सरदार जहानखान यांचा आपल्या फौजांनी पाठलाग करून त्यांना लुटलं, ते दोघे थोड्याशा मोडक्या फौजेनिशी पेशावरला पोचले. आता कंदाहारपर्यंत अंमल बसवावा असा विचार आहे.

सावकाश वाचा. अंमल कुठे आहे? अटकेच्या अलीकडे. शत्रू कुठे आहे? पेशावरात, आसऱ्याला. कंदाहार कशात आहे? विचारात. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर पेशावर आपलं होतं म्हणून सांगता, तोच कागद पेशावर त्या दिवशी अब्दालीच्या पोराच्या हातात होतं असं सांगतो. एवढा एक कागद नीट वाचला असता तर निम्मा मेसेज लिहायची गरज पडली नसती.

पुढचं काय झालं तेही सांगतो, कारण ‘पानिपतपर्यंत फडकत होता’ हे वाक्य पोराच्या भाषणात सगळ्यात जास्त टाळ्या घेऊन गेलं. मार्च १७५८ मध्ये सरहिंद पडलं, एप्रिलमध्ये मराठे लाहोरात शिरले. मराठ्यांना पंजाबात बोलावणाऱ्या तिथल्या सरदार अदीना बेगने शालिमार बागेत मोठ्या थाटाने सत्कार केला. मे महिन्यात रघुनाथराव माघारी फिरले सुद्धा. पावसाळा तोंडावर, पंजाबच्या नद्या फुगणार, फौजेचा पगार थकलेला. सुभा अदीना बेगला वर्षाला ७५ लाखांच्या बोलीवर लावून दिला. तो सप्टेंबरात मेला आणि बोली त्याच्याबरोबर गेली. मग दत्ताजी शिंद्यांनी साबाजी शिंद्यांना लाहोरला पाठवलं. १७५९ मध्ये जहानखान परत चालून आला, त्याला साबाजींनी शिखांच्या मदतीने परतवलं, आणि हा खरा पराक्रम. मेसेजात त्याचा शब्दही नाही, कारण त्यात किल्ला नाही, झेंडा नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस अब्दाली स्वतः उतरला आणि पंजाब सोडावा लागला. दत्ताजी पडले ते १० जानेवारी १७६० रोजी, बुराडी घाटावर, दिल्लीला लागून. म्हणजे पानिपतच्या वर्षभर आधीच लढाई अटकेहून यमुनेवर आली होती. पंजाबातला सगळा मुक्काम जेमतेम दीड वर्षाचा. त्या मोहिमेहून रघुनाथराव पुण्याला आले ते ८० लाखांच्या आसपासचं कर्ज घेऊन, आणि त्यावरून सदाशिवरावभाऊंशी जो खटका उडाला त्याची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली.

बरं, अर्धं खरं काय ते सांगितलं नाही तर मलाच खोटारडा म्हणाल. मराठी फौजेच्या तुकड्या अटकेपर्यंत गेल्या आणि काही त्याच्याही पुढे पेशावरच्या दिशेने गेल्या, असं मानणारे इतिहासकार आहेत. तुकोजी होळकर आणि साबाजी शिंदे ही नावं त्या संदर्भात येतात. उलट चिनाबच्या पुढे मराठी फौज न नेणारेही इतिहासकार आहेत, आणि तेही काही मराठ्यांचे शत्रू नव्हते. मला स्वतःला अटकेपर्यंतची धडक पटते. पुण्याहून निघून सिंधूपर्यंत मजल मारणं ही अठराव्या शतकात काय चीज होती हे नकाशा उघडून पाहिलं तरी कळतं. पण घोडदळाची एक तुकडी नदी ओलांडून पुढे जाणं वेगळं, आणि शहरात सुभेदार नेमून, वसूल गोळा करून राज्य करणं वेगळं. दुसरं झालं नाही. पहिलं झालं तेवढं मराठी भाषेला म्हण द्यायला पुरेसं ठरलं.

एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. अटकेचा किल्ला सिंधूच्या अलीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर आहे. अकबराने १५८०च्या दशकात बांधला तोच मुळी नदीवरच्या उतारावर नजर ठेवायला. पेशावर तिथून पुढे ७०-८० किलोमीटर. तेव्हा ‘अटक घेतली म्हणजे पेशावर आलंच’ हे गणित नकाशावर बसत नाही.

‘आपणच पहिले आणि आपणच शेवटचे’ यावर जास्त वेळ घालवणार नव्हतो, पण इथे दुसऱ्याचा हक्क मारला जातोय म्हणून थांबतो. पहिले म्हणावं तर अकबराचा राजा मानसिंह १५८५ साली पेशावरावरून खैबर ओलांडून काबूलला गेला. मारवाडचे महाराजा जसवंतसिंह, हेच ते १६६३-६४ मध्ये सिंहगडाला वेढा घालून हात हलवत परतलेले, १६७८ साली वारले ते जमरूदला, खैबरच्या तोंडाशी, औरंगजेबाच्या ठाण्यावर. ते मोगलांचे चाकर होते, आपले स्वतंत्र राजे नव्हते, असं म्हणाल. ठीक. मग शेवटचे कोण?

हरिसिंग नलवा. हे नाव त्या मेसेजात नसावं याचा मला खरोखर राग येतो. रणजितसिंहांच्या शिखांनी १८१३ साली अटक घेतली, १८२३ साली नौशेऱ्याला लढाई मारून पेशावरच्या सरदारांना खंडणीखाली आणलं, आणि १८३४ साली शहर थेट ताब्यात घेतलं. जमरूदचा किल्ला नलव्याने बांधला. १८३७च्या एप्रिलात अफगाण फौजेशी लढताना तो तिथेच पडला. शहर मात्र शिखांकडेच राहिलं ते १८४९ साली इंग्रजांनी पंजाब खालसा करेपर्यंत. पंधरा वर्षं. ज्या बालाहिसारवर आपण कल्पनेतला भगवा लावतोय तो किल्ला शिखांनी पुन्हा बांधून काढला. हा कारभार गोड नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. अवितबिले नावाचा इटालियन अधिकारी त्यांनी पेशावरचा सुभेदार नेमला होता, आणि तो महाबतखान मशिदीच्या मिनारांवरून माणसं फासावर लटकवायचा म्हणून पेशावरकर त्याला अजून विसरलेले नाहीत. पण घेतलं त्यांनी, राखलं त्यांनी, मेले ते. दीड वर्षाची पंजाबची स्वारी सांगताना पंधरा वर्षांचं राज्य गिळून टाकायचं, याला अभिमान म्हणतात का? हाच मेसेज एखाद्या सरदारजीने आपल्या नावाने फिरवला असता तर आपण केवढा गहजब केला असता.

किरकोळ गोष्टी झटपट. मेसेजबरोबर फिरणारा ‘अटकेचा किल्ला’ हा फोटो झेलमजवळच्या रोहतास किल्ल्याचा आहे, तो शेरशाह सुरीने बांधला. ‘निम्मे पठाण मराठे’ यात कणभर तथ्य आहे आणि ते पेशावरात नाही, तिथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला बलुचिस्तानात आहे: बुगटी टोळीत मराठा म्हणवणारा एक समाज आहे आणि पानिपतच्या कैद्यांचे वंशज अशी त्यांची परंपरा आहे. बलुच आणि पठाण एक नव्हेत. आणि पेशावरची जुनी शहरी वस्ती पठाणांचीसुद्धा पुरती नाही. तटबंदीच्या आतल्या गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या हिंदको बोलली जाते, ती पश्तो नव्हे, पंजाबीला जवळची. दिलीपकुमारचं घर त्याच गल्ल्यांतलं. त्यांचे वडील फळांचे व्यापारी, पुढे कुटुंब नाशिकजवळ देवळालीला आलं.

राहिली तळाची ठळक ओळ. पठाण कधी आपला नव्हता.

नजीबखान रोहिला तिकडचाच, युसुफझाई पठाणांतला, आणि पानिपत घडवून आणण्यात त्याच्याइतका हात कोणाचाच नव्हता. हे मी नाकारत नाही. पण एका नजीबावरून अख्खी जात ठरवायची असेल तर पेशावरचा किस्साख्वानी बाजार काय करायचा? २३ एप्रिल १९३०. मिठाचा सत्याग्रह पेटलेला. खान अब्दुल गफार खान यांना पकडलं, म्हणून त्यांचे खुदाई खिदमतगार, लाल कुडत्यांतले पठाण, बाजारात निःशस्त्र जमले. सैन्याने गोळीबार केला. माणसं पुढे येत राहिली. मेलेल्यांचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत कित्येक पटींचं अंतर आहे. गढवाल रायफल्सच्या एका पलटणीला गोळ्या घालायचा हुकूम झाला, तेव्हा हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्याच्या सोबत्यांनी निःशस्त्र माणसांवर गोळी झाडणार नाही म्हणून सांगितलं. गढवाली हिंदू शिपाई, समोर पठाण मुसलमान. चंद्रसिंहाला जन्मठेप झाली. फौज मागे घ्यावी लागली आणि काही दिवस पेशावर शहर इंग्रजांच्या हातातून निसटलं.

याच्या दोन आठवड्यांनी, मे १९३० मध्ये, आणखी एक शहर इंग्रजांच्या हातातून असंच निसटलं आणि तिथे मार्शल लॉ लावावा लागला. ते सोलापूर. त्या वर्षीच्या लढ्याचा इतिहास लिहिताना ही दोन नावं शेजारी-शेजारी येतात, आणि आपल्या मुलांना त्यातलं एकही भाषणासाठी दिलं जात नाही.

गफार खान चारसद्द्याजवळच्या उत्मानझईचे, म्हणजे जुन्या पुष्कलावतीच्या परिसरातले. १९३४ साली तुरुंगातून सुटल्यावर सरकारने त्यांना सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल ठेवायला बंदी केली. तेव्हा ते राहायला गेले वर्ध्याला, गांधीजी आणि जमनालाल बजाज यांच्याकडे. मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल पोलिसांनी त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना वर्ध्यातच पकडलं आणि पुन्हा दोन वर्षांची शिक्षा दिली.